एफएफएमपेग मध्येच का मरतं? लिनक्सवर व्हिडिओ री-एन्कोड करताना पुन्हा पुन्हा होणारे क्रॅश

एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमला एखादा व्हिडिओ री-एन्कोड करायला, म्हणजे उलगडून नव्या रूपात लिहायला, लावून निघून जायचं आणि परत आल्यावर टर्मिनलवर नुसतं 'किल्ड' किंवा 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढंच दिसायचं, हा लिनक्सवर व्हिडिओचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा अनुभव. मग पुढचा वेळ जातो तो नेटवर सापडलेले पर्याय एकामागून एक कमांडमध्ये घालून बघण्यात. कुणी सांगतं थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) कमी करा, कुणी सांगतं ड्रायव्हर बदला, कुणी म्हणतं नवी आवृत्ती टाका. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या क्रॅशवर लागू पडतो. तो तुमच्या क्रॅशवर लागू पडेलच असं नाही, आणि अडचण तिथेच आहे.

म्हणून कमांडला हात लावायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवा. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, मारली कुणी? आणि ती मरते ती ठरावीक फ्रेमवर, की ठरावीक वेळ चालल्यावर? ही दोन उत्तरं हातात आली की उरलेलं काम बरंच सरळ होतं.

(कमांड आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.)

मारली कुणी?

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेस संपताना एक आकडा मागे ठेवते. क्रॅश झाल्या झाल्या, दुसरी कुठलीही कमांड न देता, 'इको' लिहून एक जागा सोडा आणि डॉलरचं चिन्ह व प्रश्नचिन्ह जोडून लिहा. मध्ये एक 'एलएस' जरी केलंत तरी तो आकडा पुसला जातो. आउटपुट पाइप करून 'टी'कडे (पडद्यावर दाखवून फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडकडे) पाठवत असाल तर आणखी एक खोच आहे: मिळणारा आकडा एफएफएमपेगचा नसतो, 'टी'चा असतो, आणि तो बहुतेक वेळा शून्य. त्यापेक्षा एफएफएमपेगलाच '-रिपोर्ट' हा पर्याय द्या. तारीख-वेळ नावात असलेली लॉग फाइल ते चालू फोल्डरमध्ये स्वतः तयार करतं.

आकडा १२८ पेक्षा मोठा असेल तर त्यातून १२८ वजा करा, की बहुधा सिग्नलचा, म्हणजे प्रोसेसला मिळालेल्या इशाऱ्याचा, क्रमांक मिळतो. १३७ म्हणजे सिग्नल ९, बाहेरून कुणीतरी जबरदस्तीने मारलं. १३९ म्हणजे सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट: प्रोसेसने आपली नसलेली मेमरी चाचपली. १३४ म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच 'अबॉर्ट' केलं. १३२ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना दिली गेली. आणि नुसता १ आला, किंवा नव्या आवृत्त्यांत २३४, २५४ असा मोठा आकडा आला, तर तो मुळात क्रॅश नव्हेच. एफएफएमपेगने काहीतरी नाकारलं आहे आणि कारण वरच्या दहा-वीस ओळींत छापलेलं आहे. ते शांतपणे वाचा. शेवटची 'कन्व्हर्जन फेल्ड' ही ओळ कामाची नाही, खरं कारण तिच्या वर असतं.

१३७: मेमरी संपली

घरच्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त दिसतो तो हाच आकडा. खात्री करायला 'सुडो डीमेसेज' चालवा आणि त्यात 'आउट ऑफ मेमरी' शोधा. दरम्यान मशीन रीस्टार्ट झालं असेल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' मागच्या बूटचे कर्नलचे (लिनक्सच्या मूळ भागाचे) संदेश दाखवतं. 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशा धाटणीची ओळ सापडेल, पुढे प्रोसेसचा क्रमांक, कंसात एफएफएमपेगचं नाव आणि मग बरेच आकडे. त्यातला 'टोटल-व्हीएम' सोडून द्या, तो नेहमीच घाबरवणारा असतो. बघायचा तो 'अ‍ॅनॉन-आरएसएस'. प्रोसेसने प्रत्यक्षात व्यापलेली रॅम ती तेवढी, आणि आकडा किलोबाइटमध्ये असतो.

एफएफएमपेगने काहीच तक्रार न करता प्राण का सोडला, असा प्रश्न इथे पडतो. लिनक्स मेमरी मागितली की बहुधा 'घे' म्हणून मोकळं होतं, खरी पानं वापर सुरू झाल्यावर देतं. त्यामुळे मागणी करताना प्रोग्रॅमला नकार मिळतच नाही. प्रत्यक्षात रॅम आणि स्वॅप (डिस्कवरची जोड-मेमरी) दोन्ही संपतात तेव्हा कर्नल एक बळी निवडतं आणि बहुधा सर्वात जास्त मेमरी धरून बसलेलाच त्यात सापडतो. सिग्नल ९ अडवता येत नाही, म्हणून निरोपाची एक ओळही छापायला वाव मिळत नाही.

उबुंटू २२.०४ आणि फेडोरा ३४ पासून डेस्कटॉपवर यात आणखी एक पात्र आलं आहे: सिस्टिमडी-ओओएमडी, म्हणजे मेमरीवर नजर ठेवणारी सेवा. ते कर्नलच्या आधी हालचाल करतं आणि एकट्या प्रोसेसला नव्हे तर तिच्या अख्ख्या गटाला मारतं. त्यामुळे कधी कधी एफएफएमपेगसोबत टर्मिनलची खिडकीच नाहीशी होते. 'टर्मिनल आपोआप बंद पडतं' अशी तक्रार असेल तर आधी 'जर्नलसीटीएल -यू सिस्टिमडी-ओओएमडी' बघा.

इतकी मेमरी जाते कुठे? हिशेब करून बघण्यासारखा आहे. ३८४० गुणिले २१६० पिक्सेलची, नेहमीच्या ४:२:० प्रकारची ८ बिटची एक उलगडलेली फ्रेम साधारण १२.४ एमबीची असते. हल्ली फोनवर एचडीआर चालू ठेवून घेतलेलं चित्रण १० बिटचं असतं. तिथे प्रत्येक नमुन्याला दोन बाइट लागतात, म्हणजे फ्रेम २४.९ एमबी. एक्स२६४ हा एन्कोडर 'व्हेरीस्लो' प्रीसेटवर (तयार मांडणीवर) ६० फ्रेम पुढचं बघून निर्णय घेतो. तेवढ्या लुकअहेडसाठीच दीड जीबी गेले. त्यावर १६ संदर्भ फ्रेम, शिवाय प्रोसेसरच्या गाभ्यांच्या (कोअरच्या) दीडपट थ्रेड आणि प्रत्येक थ्रेडच्या हातात त्याची त्याची फ्रेम, वर डीकोडर (मूळ व्हिडिओ उलगडणारा भाग) आणि फिल्टरांच्या (चित्रात बदल करणाऱ्या पायऱ्यांच्या) रांगा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा असेल तर हे पुरत नाही यात नवल नाही. हीच कमांड १०८० वर बिनबोभाट चालते, कारण तिथे ८ बिटची फ्रेम ३.१ एमबीची असते.

उपाय करताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी फिल्टर तपासायचे. 'रिव्हर्स' फिल्टर संपूर्ण क्लिप उलगडून मेमरीत धरतो, कारण शेवटची फ्रेम हाती आल्याशिवाय पहिली बाहेर देताच येत नाही. जीआयएफ करताना एकाच कमांडमध्ये 'स्प्लिट', 'पॅलेटजेन' आणि 'पॅलेटयूज' लावलं तर तेच: रंगांची यादी व्हिडिओ संपल्यावर तयार होते आणि तोवर सगळ्या फ्रेम ताटकळत उभ्या राहतात. यादी वेगळ्या कमांडने पीएनजीत काढून ठेवली की प्रश्न मिटतो. दोन इनपुट एकमेकांवर बसवताना त्यांच्या वेळा जुळत नसतील तरी रांग अशीच वाढते.

फिल्टर निर्दोष असतील तर लुकअहेड आणि थ्रेडवर या. एक्स२६५ या दुसऱ्या एन्कोडरसाठी '-एक्स२६५-पॅराम्स' मध्ये 'पूल्स=४', 'फ्रेम-थ्रेड्स=१' आणि 'आरसी-लुकअहेड=१५' विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडून द्या. एक्स२६४ साठी '-थ्रेड्स ४' आणि '-आरसी-लुकअहेड २०' बहुधा पुरतं. 'व्हेरीस्लो'वरून 'स्लो'वर उतरलात तर फाइल किंचित मोठी होईल, पण डोळ्याला फरक जाणवणार नाही. स्वॅप वाढवणं मी शेवटी ठेवतो. त्याने मरण टळतं, पण हार्ड डिस्कवरचा स्वॅप असेल तर एन्कोडिंग गोगलगायीच्या गतीला येतं.

एक जागा मात्र हमखास नजरेतून सुटते. फेडोरामध्ये, आणि डेबियन १३ पासून डेबियनमध्येही, 'टीएमपी' हे फोल्डर डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं. तात्पुरती फाइल म्हणून ५ जीबीचा व्हिडिओ तिथे लिहिलात तर तो तुमच्या रॅममधूनच वजा होतो. एफएफएमपेगचा स्वतःचा 'अ‍ॅनॉन-आरएसएस' बेताचा असूनही मेमरी संपली असेल तर आउटपुट कुठे जातंय ते आधी बघा. 'डीएफ -एच' केलं की त्या फोल्डरसमोर 'टीएमपीएफएस' लिहिलेलं दिसेल.

बाकीच्या सिस्टिमला धक्का न लावता प्रयोग करायचा असेल तर 'सिस्टिमडी-रन' ला '--यूजर --स्कोप -पी मेमरीमॅक्स=५जी' देऊन त्याच्या पुढे एफएफएमपेगची कमांड लिहा. मर्यादा ओलांडली तर एफएफएमपेगच मरेल, उघडी असलेली बाकीची कामं वाचतील.

फ्रेम की घड्याळ?

आकडा १३९ किंवा १३४ असेल तर दुसऱ्या प्रश्नाकडे वळायचं. मरण्यापूर्वीची 'फ्रेम=' आणि 'टाइम=' ची शेवटची ओळ लिहून ठेवा आणि तीच कमांड पुन्हा चालवा. ती ओळ अर्ध्या सेकंदाने बदलते आणि थ्रेड मागेपुढे होतात, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नको. काही सेकंदांच्या आत आला तर जागा तीच समजा.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात जास्त सांगून जाते. '-एसएस' हा पर्याय '-आय'च्या आधी देऊन एन्कोडिंग व्हिडिओच्या मध्यापासून सुरू करा. समजा आधी ४० मिनिटं १२ सेकंदांच्या दृश्यावर मरत होतं आणि आता ३५ मिनिटांपासून सुरू केल्यावर पुन्हा त्याच दृश्यावर मेलं, तर दोष फाइलमध्ये किंवा ती वाचणाऱ्या कोडमध्ये आहे. ते दृश्य सुखरूप पार पडलं आणि प्रोसेस पुन्हा साधारण तितकाच वेळ चालून मेली, तर दृश्याचा काही संबंध नाही. मेमरी हळूहळू गळते आहे किंवा मशीन तापतं आहे. आणि दर वेळी जागाही वेगळी, वेळही वेगळी असेल तर संशय थेट हार्डवेअरवर घ्या.

ठरावीक फ्रेमवर मरत असेल तर

डीकोडर आणि एन्कोडर वेगळे करा. एफएफएमपेगला '-व्ही एरर', मग '-आय' आणि फाइलचं नाव, आणि शेवटी '-एफ नल' व एक सुटी आडवी रेघ एवढंच द्या. याने व्हिडिओ पूर्ण उलगडला जातो, पण कुठेच लिहिला जात नाही. यातच क्रॅश झाला तर एन्कोडरचे पर्याय बदलण्यात अर्थ नाही. नुसत्या चुका छापून शेवटपर्यंत गेलं तर फाइल जखमी आहे, पण डीकोडर तिला पचवतो आहे. काहीच न छापता पार पडलं तर दोष फिल्टर किंवा एन्कोडरकडे.

जखमी फाइलसाठी आधी '-सी कॉपी' देऊन री-एन्कोड न करता ती एमकेव्हीमध्ये ओतून घ्या. वेळांचे घोळ बरेचदा इथेच सुटतात. त्याने भागलं नाही तर इनपुटच्या आधी '-एफफ्लॅग्ज' ला अधिकचं चिन्ह आणि 'डिसकार्डकरप्ट' द्या. मोडकी पॅकेट टाकून दिली जातील, तिथे चित्र क्षणभर अडखळेल, पण काम पुढे जाईल.

एक नमुना जवळून बघू, कारण तो नाटकाच्या, लग्नाच्या, गॅदरिंगच्या चित्रणात वारंवार येतो. कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइली कार्डावर ठरावीक आकाराच्या तुकड्यांत पडतात, आणि त्या नुसत्या 'कॅट'ने एकामागे एक चिकटवल्या तरी बहुधा चालतात. म्हणून लोक दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फाइलीही तशाच चिकटवतात. पहिला कॅमेरा १९२० गुणिले १०८०, इंटरलेस्ड. दुसरा १२८० गुणिले ७२०, प्रोग्रेसिव्ह. सांध्यावर फ्रेमचा आकारच बदलतो. एफएफएमपेग तिथे फिल्टरांची साखळी मोडून नव्याने जुळवू पाहतं. साध्या साखळीत ते जमतं. पण साखळीत व्हीएएपीआयसारखी, ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणारी हार्डवेअरची कडी असेल तर 'एरर रीइनिशियलायझिंग फिल्टर्स' असं म्हणून थांबण्याची शक्यता दाट. लक्षण अगदी ठरावीक: दर वेळी तेच दृश्य, आणि ते नेमकं कॅमेरा बदलण्याचं. यावर पर्याय शोधत बसू नका. दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइली आधी स्वतंत्रपणे एका मापात, एका फ्रेमरेटमध्ये आणा आणि मग जोडा.

जागाही वेगळी, वेळही वेगळी

व्हिडिओ एन्कोडिंगसारखं प्रोसेसरचे सगळे गाभे तासन्‌तास पिळणारं काम घरच्या मशीनवर दुसरं क्वचितच होतं. त्यामुळे एरवी ठणठणीत वाटणाऱ्या मशीनचं दुखणं पहिल्यांदा इथेच बाहेर येतं. 'बाकी सगळं नीट चालतं, फक्त एफएफएमपेग मरतं' हे वाक्य म्हणूनच हार्डवेअरला निर्दोष ठरवत नाही.

रॅमपासून सुरुवात करा. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालू द्या. त्यात एकही चूक दिसली तर बाकी सगळा तपास तिथेच थांबवा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी मांडणी) चालू असेल तर ते बंद करून पुन्हा बघा. पट्टीवर छापलेला वेग तुमच्या बोर्डावर टिकतोच असं नाही. 'डीमेसेज'मध्ये 'एमसीई' किंवा 'हार्डवेअर एरर' असे शब्द आले तर प्रोसेसर स्वतःच तक्रार करतो आहे.

प्रोसेसरचाही दोष असू शकतो, हे अनेकांना पटत नाही. २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या काही रायझेन प्रोसेसरवर लिनक्समध्ये कंपायलिंगचा जोरदार भार टाकला की सेगमेंटेशन फॉल्ट येत, आणि एएमडीने तो दोष मान्य केला. २०२४ मध्ये इंटेलने १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं मान्य केलं, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान मायक्रोकोडने भरून निघत नाही. या पिढ्यांचा मोठा प्रोसेसर असेल आणि क्रॅशला कसलाच धागा सापडत नसेल तर बायोस अपडेट करा, आणि तरीही सुटलं नाही तर वॉरंटीचे कागद शोधा.

एफएफएमपेगऐवजी अख्खं मशीनच बंद पडत असेल तर 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' ने मागच्या बूटचा शेवट बघा. नोंदी कुठलाही निरोप न देता तुटल्या असतील तर उष्णता किंवा वीजपुरवठा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'वॉच सेन्सर्स' लावून तापमान बघत एन्कोड करा. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या दुपारी खोलीच चाळिशीला टेकलेली असते. त्यात धूळ भरलेला पंखा असेल तर लॅपटॉपला वावच राहत नाही. पंखा साफ करून घ्या, आणि तोवर '-थ्रेड्स' अर्ध्यावर आणा.

१३२ आणि ग्राफिक्स कार्ड

१३२ चं कारण जवळजवळ नेहमी एकच: एफएफएमपेग किंवा त्याची लायब्ररी दुसऱ्या, नव्या प्रोसेसरवर '-मार्च=नेटिव्ह' देऊन, म्हणजे त्याच प्रोसेसरला साजेशी, कंपाइल केलेली आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोसेसरच्या सगळ्या क्षमता आत दिसत नाहीत, तेव्हाही हे होतं. तुमच्या डिस्ट्रोचं (उबुंटू, फेडोरा, डेबियन यांपैकी जे असेल त्याचं) पॅकेज वापरा. चाचणीपुरतं '-सीपीयूफ्लॅग्ज ०' देऊन एफएफएमपेगचा स्वतःचा असेंब्ली कोड (प्रोसेसरच्या खास सूचना वापरणारा भाग) बंद करता येतो. वेग भयंकर पडतो, पण क्रॅश थांबला तर जागा कळते. १३९ च्या तपासातही ही चाचणी उपयोगी आहे.

एनव्हीएन्क (एनव्हिडियाच्या कार्डावरचा एन्कोडर) अचानक सुरूच होईना आणि नुकताच सिस्टिम अपडेट झाला असेल तर मशीन रीस्टार्ट करा. कर्नलमधला ड्रायव्हर जुना आणि लायब्ररी नवी अशी फारकत झालेली असते. इंटेलच्या ग्राफिक्सवर 'डीमेसेज'मध्ये 'जीपीयू हँग' दिसतं का ते बघा. दोन्ही ठिकाणी निर्णायक चाचणी एकच: तीच फाइल, तीच साखळी, पण एक्स२६४ ने सॉफ्टवेअरमध्ये. ते शेवटपर्यंत गेलं तर दोष ड्रायव्हरच्या बाजूला.

क्रॅश वाटतात पण नसतात

'व्हाइल रीड' च्या लूपमध्ये एफएफएमपेग पहिली फाइल करतं आणि पुढच्या फाइलींची नावं अर्धवट तुटून येतात. कारण ते कळफलकाच्या आज्ञा ऐकण्यासाठी स्टँडर्ड इनपुट वाचतं आणि लूपची यादीच खाऊन टाकतं. शेवटी अँपरसँड देऊन मागे ढकललेलं एफएफएमपेग 'स्टॉप्ड' दाखवत गोठतं, तेही टर्मिनलशी चाललेल्या याच झटापटीमुळे. दोन्हीवर '-नोएसटीडीइन' एवढा एकच पर्याय पुरतो. स्क्रिप्टमध्ये तो कायम असावा.

एक्स२६४ 'विड्थ नॉट डिव्हिजिबल बाय टू' म्हणत असेल तर स्केल फिल्टरमध्ये रुंदीच्या जागी उणे १ ऐवजी उणे २ लिहा. पेनड्राइव्हवर लिहिताना ४ जीबीला थांबत असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे.

केलेलं काम वाचवायचं तर

एमपी४ ची अनुक्रमणिका पुस्तकाच्या अगदी शेवटी, सगळी पानं छापून झाल्यावर लिहिली जाते. मध्येच वीज गेली किंवा प्रोसेस मेली तर 'मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड' एवढंच हाती उरतं आणि कित्येक तासांचं एन्कोडिंग उघडतही नाही. म्हणून लांब कामाचं आउटपुट आधी एमकेव्हीमध्ये घ्या. ती फाइल जिथे तुटली तिथपर्यंत चालते. काम पुरं झालं की '-सी कॉपी' ने एमपी४ करायला मिनिटभरही पुष्कळ असतं. जिथे भारनियमन रोजचं आहे तिथे '-एफ सेगमेंट' आणि '-सेगमेंट_टाइम ६००' देऊन दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडावेत. वीज आली की शेवटच्या अर्धवट तुकड्याच्या सुरुवातीपासून '-एसएस' ने पुढे चालायचं आणि सरतेशेवटी 'कॉनकॅट'ने जोडायचं. दूरच्या सर्व्हरवर काम असेल तर ते टीमक्स या प्रोग्रॅममध्ये सुरू करा, म्हणजे नेट तुटल्याचा फटका बसणार नाही.

खरंच बग असेल तर

हार्डवेअर धडधाकट, मेमरी पुरेशी, फ्रेम ठरावीक आणि तरीही १३९ येतोच आहे, तर तो बग आहे आणि तो कळवलाच पाहिजे. 'कोअरडंपसीटीएल लिस्ट' ने क्रॅशची नोंद शोधा, 'कोअरडंपसीटीएल जीडीबी' ने ती उघडा आणि आत 'बीटी' टाइप करा, म्हणजे क्रॅशच्या क्षणी कुठला कोड चालू होता ते दिसेल. सगळ्यात वरच्या दोन-तीन ओळींत 'लिबएक्स२६५' आहे की 'लिबएव्हीकोडेक' की ग्राफिक्स ड्रायव्हरची लायब्ररी, हे बघूनच बग कुणाकडे न्यायचा ते ठरतं. एफएफएमपेगचा असेल तर आधी त्यांच्या ताज्या कोडवर तो अजून होतो का ते तपासा, कारण डिस्ट्रोमधली आवृत्ती बरीच मागे असू शकते आणि पहिलं उत्तर तेच येईल. सोबत पूर्ण कमांड आणि तिचं पूर्ण आउटपुट द्या, मधल्या ओळी न गाळता.

नमुना फाइल पाठवताना ती एफएफएमपेगने कापू नका. '-सी कॉपी' करतानाही पॅकेट नव्याने मांडली जातात आणि ज्या दोषामुळे क्रॅश होतो तोच निघून जाऊ शकतो. 'डीडी' ने मूळ फाइलचे सुरुवातीचे काही एमबी जसेच्या तसे कापा, त्या तुकड्यावर क्रॅश होतो याची खात्री करून घ्या, आणि मगच तो जोडा.